चार ठिकाणी विचारा, मग विमा उतरवा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं गाव कासुर्डी. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालात की उरुळी कांचन मागं पडतं आणि यवत यायच्या आधी आमचं गाव लागतं. दौंड तालुका उसाचा आणि गुऱ्हाळांचा. आमच्याकडे माणसाला बैल घ्यायचा असेल तर तो चार दावणी हिंडतो, दात बघतो, चालवून बघतो आणि मग रुमालाखाली हात घालतो. पाण्याची मोटर घ्यायची तर यवत, केडगाव आणि हडपसर अशा तिन्ही ठिकाणचे भाव काढतो. पण हाच माणूस सहा-सात लाखांच्या गाडीचा विमा कसा घेतो? एजंट बोट ठेवील तिथं सही करतो आणि पावती गाडीच्या कप्प्यात टाकतो. पुढं वर्षभर तो कागद उघडून बघत नाही.

हे मी लोकांना नावं ठेवायला सांगत नाही. मी शाळामास्तर होतो, पोरांना व्याजाची आणि शेकडेवारीची गणितं शिकवली. तरी विम्याच्या कागदापुढं मीही असाच वागलो. त्याची किंमत काय पडली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं पुस्तकी वाटणार नाही.

माझा मुलगा पुण्याला नोकरीला. अरण्येश्वर भागात तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या, अकरा महिन्यांचा करार. गाडी तीन वर्षांची होती. जून २०१९ मध्ये विम्याचं नूतनीकरण आलं, तेव्हा त्यानं मला फोन केला. ‘आबा, इंजिनाच्या संरक्षणाचे अकराशे रुपये जादा सांगतायत. घेऊ का?’ मी म्हणालो, ‘इंजिनाला काय होतंय? नवी गाडी आहे. उगाच पैसे घालवू नकोस.’ मोठी बचत केल्यासारखं वाटलं मला.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री कात्रजच्या बाजूला ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा वस्त्यांत शिरला. त्या रात्री पुण्यात आणि आसपासच्या गावांत वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो गाड्या वाहून गेल्या. आमची माणसं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली म्हणून वाचली. पहाटे पाणी उतरलं. मुलानं चिखलातून वाट काढली, गाडीत बसला आणि किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आत खाड्‌कन आवाज झाला आणि इंजिन बसलं.

गॅरेजचं बिल झालं ब्याऐंशी हजार. कंपनीनं दिले एकोणीस हजार. सर्व्हेअर भला माणूस होता, त्यानं कागद उघडून दाखवला. पुरानं झालेलं नुकसान विम्यात बसतं. सीट, वायरिंग, साफसफाई हे सगळं मिळालं. पण पाणी शिरलेलं असताना इंजिन चालू केलं, त्यामुळं आतले भाग वाकले. ते पुराचं थेट नुकसान धरत नाहीत, मागाहून ओढवलेलं धरतात. साध्या पॉलिसीत ते बसत नाही. त्यासाठीच ते अकराशे रुपये होते.

घराचं दुखणं आणखी वेगळं. फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप, गाद्या, सूनबाईंचं शिलाई मशीन, सगळं गेलं. मुलगा घरमालकांना म्हणाला, ‘काका, तुमच्या घराचा विमा आहे ना?’ ते म्हणाले, ‘आहे की. बँकेच्या कर्जासाठी उतरवला होता. पण तो भिंतींचा रे बाळा, तुझ्या सामानाचा नाही.’ भाडेकरूला आपल्या सामानाचा वेगळा विमा उतरवता येतो, हे तोपर्यंत आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून घरात कुठलाही विमा घ्यायचा झाला की मी वही घेऊन बसतो. त्या वहीत जे जमलं, ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक ‘थर्ड पार्टी’, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्यानं हा भाग सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. दोन्ही मिळून घेतलं की आपण त्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो.

यातल्या थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये. ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलीला ७१४ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. तेव्हा कुणी म्हणालं, ‘गुरुजी, थर्ड पार्टी तुम्हाला निम्म्यात करून देतो,’ तर तिथून उठा. तो कागद खोटा असण्याचीच शक्यता जास्त.

मोटारसायकलीचं गणित बघा. ७१४ अधिक कर, म्हणजे सुमारे ८४३ रुपये. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी दंड दोन हजार, दुसऱ्या वेळी चार हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद. पण दंडाचं मी फार मनावर घेत नाही. खरी भीती अपघाताची. आपल्या गाडीखाली कुणाचा कर्ता माणूस गेला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण त्याच्या कमाईवरून भरपाई ठरवतं आणि ती लाखांत जाते. विमा असेल तर कंपनी भरते. मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. विमा नसेल तर आपल्याला भरावी लागते. आठशे रुपयांपायी सातबाऱ्यावर बोजा चढायची वेळ येऊ नये.

आता घासाघीस कुठं करायची? ती ओन डॅमेजच्या भागात. १ जानेवारी २००७ पूर्वी या भागाचेही दर ठरवून दिलेले असत, त्यामुळं चार कंपन्या फिरून उपयोग नव्हता. आता कंपनीगणिक दर वेगळा असतो. पण इथंच चकवा आहे.

मुलानं पुढं २०२१ मध्ये दुसरी गाडी घेतली, ११९७ सीसीची. तिच्या नूतनीकरणाला आम्ही भाव काढले. एका कंपनीनं सगळं मिळून ७,४५३ रुपये सांगितले, दुसरीनं ८,०४३. फरक ५९० रुपयांचा. मुलगा म्हणाला, ‘आबा, पहिलीच घेऊ.’ मी म्हटलं, थांब, आयडीव्ही बघ. आयडीव्ही म्हणजे कंपनीनं धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पुरती मोडली, तर त्या हिशेबानंच पैसे मिळतात. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या पाऊण पटीपेक्षा जास्त झाला तरी गाडी पूर्ण गेली असंच धरतात. पहिल्या कंपनीनं आयडीव्ही धरली होती तीन लाख आणि दुसरीनं तीन लाख ऐंशी हजार. म्हणजे ५९० रुपये वाचवायला आम्ही ८० हजार सोडून देणार होतो. म्हणून भाव विचारताना आयडीव्ही सगळीकडे एकच सांगायला लावा, मगच हप्त्यांची तुलना करा.

दुसरी नजर टाकायची ती आपल्या वाट्याच्या रकमेवर. प्रत्येक क्लेममध्ये पहिले काही रुपये आपण सोसायचे असतात. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला ही सक्तीची रक्कम एक हजार आहे. ती आपण होऊन वाढवून घेतली तर हप्ता कमी होतो. हे वाईट नाही. जो माणूस किरकोळ दुरुस्ती स्वतः करून घेतो, त्याला परवडतं. पण काही वेळा एजंट आपल्याला न विचारताच ती वाढवून हप्ता स्वस्त दाखवतो. तेवढा आकडा विचारून घ्या.

तिसरी नजर नो क्लेम बोनसवर. वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. एक क्लेम केला की सूट शून्यावर येते. समजा सूट धरण्याआधीचा हप्ता सहा हजार आहे आणि तुम्हाला ५० टक्के सूट चालू आहे. क्लेम केल्यावर पहिल्या वर्षी तीन हजार जादा जातील, मग अठराशे, पंधराशे, नऊशे आणि तीनशे. बेरीज साडेसात हजार. तेव्हा बंपरच्या चार हजारांच्या कामासाठी क्लेम करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. आधी गॅरेजवाल्याकडून अंदाज घ्या, मग ठरवा.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो आपल्याबरोबर येतो. गाडी विकली तर जुन्या कंपनीकडून तसं पत्र घ्यावं, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो. मात्र मुदत संपून ९० दिवस उलटले तर बोनस बुडाला. आणि कंपनी बदलताना खोटं बोलू नका. गेल्या वर्षी क्लेम घेतला असून ‘नाही’ लिहिलं, तर जुन्या कंपनीकडं चौकशी होतेच आणि नेमका क्लेमच्या वेळी तो कागद आडवा येतो.

आता जादा संरक्षणांबद्दल. पाण्याचा अनुभव तुम्ही ऐकलात. ज्याची गाडी ओढ्याकाठी, तळघरात किंवा सखल रस्त्यावर उभी राहते, त्यानं इंजिनाचं संरक्षण घ्यावं. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या दौंड-इंदापूर भागातही ओढ्यांनी काय रूप धरलं होतं, ते आपण पाहिलंय. आणि विमा असो वा नसो, गाडीत पाणी शिरलं असेल तर किल्लीला हात लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या.

दुसरं ‘झिरो डेप’. अपघातात प्लास्टिकचा, रबराचा भाग बदलला तर साध्या पॉलिसीत कंपनी निम्मेच पैसे देते. टायर आणि बॅटरीचंही तसंच. आजच्या गाडीत बंपरपासून आरशापर्यंत प्लास्टिकच जास्त. गाडी नवी असेपर्यंत झिरो डेप घेण्यात अर्थ आहे. गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या ते देतही नाहीत.

एका घरात दोन-तीन गाड्या असतात, त्यांच्यासाठी एक सूचना. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा सक्तीचा आहे. पण तो माणसाचा विमा आहे. एकाच्याच नावावर मोटार आणि मोटारसायकल दोन्ही असतील, तर दोन्ही पॉलिसींत त्याचे पैसे भरायची गरज नाही. आमच्या घरात चार वर्षं दोनदा भरले जात होते! २०२२ पासून एकाच मालकाच्या सगळ्या खासगी गाड्यांची मिळून एक पॉलिसी द्यायलाही परवानगी आहे, आणि गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरच्या हिशेबानं हप्ता लावायलाही. ज्याची गाडी फक्त लग्नकार्याला आणि जेजुरीला जाते, त्यानं हे जरूर विचारावं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: गाडी नावावर केली, पण विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहिला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे अडकतात. चौदा दिवसांच्या आत कंपनीला अर्ज करावा. खासगी गाडीनं वडाप करू नये. ट्रॉलीत बसवून वऱ्हाड नेऊ नये. कागदावर लिहिलेला वापर आणि प्रत्यक्षातला वापर वेगळा निघाला, की आपण भरलेला हप्ता कामाला येत नाही.

आता घराकडं वळू. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ अशा संकटांपासून घर आणि घरातलं सामान यांना तिचं संरक्षण आहे. घराचा विमा उतरवला तर त्या रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, सामानाचं संरक्षण त्यातच मिळतं. पूर्वी आणखी एक भानगड होती. सामान चार लाखांचं आणि विमा दोन लाखांचा असला, तर नुकसानीचेही निम्मेच पैसे मिळत. या पॉलिसीत ती कपात काढून टाकली आहे.

भाडेकरूला यात फक्त सामानाचा विमा घेता येतो. यवत, केडगाव, उरुळी कांचन इथं भाड्यानं राहून कुरकुंभला किंवा पुण्याला कामाला जाणारी किती पोरं आहेत! शिकायला गेलेल्या मुली चौघी-चौघी मिळून खोली घेतात. एकेकीचा लॅपटॉपच चाळीस-पन्नास हजारांचा. मुलाच्या घरातल्या तीन लाखांच्या सामानाचा हप्ता आम्हाला वर्षाला पाचशेच्या आत पडला. महिन्याला चाळीस रुपये म्हणा.

पण इथंही एक खाच आहे, ती नीट ऐका. या मूळ पॉलिसीत चोरीचं संरक्षण फक्त संकटाच्या मागोमाग झालेल्या चोरीपुरतं असतं. पूर आला, घर उघडं पडलं आणि सात दिवसांच्या आत कुणी सामान नेलं, तर मिळेल. एरवी कुलूप फोडून झालेली घरफोडी तिच्यात नाही, तिच्यासाठी वेगळे पैसे भरावे लागतात. दागिन्यांचंही तसंच, ते वेगळे नोंदवावे लागतात. ‘घराचा विमा’ या शब्दात चोरी आपोआप आली, असं धरून चालू नका.

हा विमा घेण्याआधी एका रविवारी घरात फिरून मोबाइलवर सगळ्या वस्तूंचे फोटो काढा. फ्रिजमागच्या पट्टीवरचा नंबर, बिलं, भाड्याचा नोंदणी केलेला करार यांचेही फोटो काढा आणि गावाकडं भावाला किंवा वडिलांना पाठवून ठेवा. आमच्याकडे पुरानंतर बिलांचा लगदा झाला होता. फ्रिज कुठल्या साली घेतला, हेसुद्धा सांगता येईना.

भाव काढायची रीत साधी आहे. मुदत संपायच्या महिनाभर आधी बसा. एक सरकारी कंपनी, दोन खासगी कंपन्या आणि तुमचा नेहमीचा एजंट अशा चौघांकडून आकडे घ्या. नवी गाडी घेताना शोरूमवाला सांगेल तोच विमा घ्यायचं बंधन नाही. २०१९ पासून थर्ड पार्टी एका कंपनीचा आणि ओन डॅमेज दुसरीचा, असंही घेता येतं. वहीत सहा रकाने पाडा: आयडीव्ही, आपल्या वाट्याची रक्कम, बोनस, जादा संरक्षणं, जवळचं कॅशलेस गॅरेज आणि शेवटी हप्ता. हप्त्याचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवायचा. गॅरेजचं नाव विचारायला विसरू नका. यादीतलं सगळ्यांत जवळचं गॅरेज पिंपरीला असेल तर कासुर्डीच्या माणसाला ते काय कामाचं?

एजंटला कमी लेखू नका. आमचा नेहमीचा एजंट पुरानंतर दोनदा पुण्याला स्वतःच्या खर्चानं आला. मोबाइलवर घेतलेली पॉलिसी दोन-चारशे रुपयांनी स्वस्त पडेल, पण मग क्लेमचं धावणं आपल्यालाच धावायचं असतं. हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि एवढं करून अन्याय झालाच, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथं चालतात. मात्र वर्षाच्या आत जायला हवं. आमच्या इंजिनाची तक्रार तिथं टिकली नसती, हे मी कबूल करतो. अट कागदावर छापलेली होती आणि ती न वाचता नको म्हणणारा मीच होतो.

ते त्रेसष्ट हजार रुपये आम्ही दोन हंगामांच्या उसाच्या पैशांतून फेडले. मुलगा मला कधी एका शब्दानं बोलला नाही. परवा त्याचा फोन आला होता. ‘आबा, पॉलिसीची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, वही काढा.’ मी चष्मा पुसला आणि वही काढली.

तुमच्या गाडीच्या कप्प्यातली पावती आज संध्याकाळी बाहेर काढा आणि तिच्यावरची तारीख आणि आयडीव्ही एवढं तरी वाचा.

नमस्कार.